वेब डिरेक्टरीत संकेतस्थळाची नोंद : नियम, निकष आणि वाशीमचा पत्ता

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या जेमतेम चार आठवडे आधी, ५ जून १९९८ रोजी, अमेरिकेत रिच स्क्रेंटा व बॉब ट्रुएल या संगणक अभियंत्यांनी आपल्या काही सहकाऱ्यांसह ‘ग्नूहू’ नावाची संकेतस्थळांची एक सूची महाजालावर खुली केली. पुढे ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ आणि ‘डीमॉझ’ या नावांनी ती जगभर ओळखली गेली. या दोन घटनांचा परस्परांशी अर्थातच काही संबंध नव्हता. परंतु नव्या जिल्ह्याला शासनाच्या नकाशावर जागा मिळाली, तशी महाजालाच्या नकाशावरही मिळवायची होती आणि त्या काळी ती जागा देण्याचे काम यंत्रांइतकेच माणसेही करीत होती. ही माणसे कोणत्या नियमांनी नोंद स्वीकारीत, कोणती नाकारीत आणि वाशीमसारख्या गावाच्या बाबतीत त्या नियमांचा अर्थ काय होत असे, याची ही माहिती.

डिरेक्टरी म्हणजे काय?

शोधयंत्र आणि डिरेक्टरी यांत मूलभूत फरक आहे. शोधयंत्राचा संगणक महाजालावरील पाने आपणहून वाचतो, त्यांतील शब्दांची अनुक्रमणिका तयार करतो आणि विचारलेल्या शब्दाला अनुरूप पाने पुढे ठेवतो. डिरेक्टरीत मात्र माणूस संकेतस्थळ उघडून पाहतो, ते कशाविषयी आहे हे ठरवतो, त्याला योग्य विभागात बसवतो आणि त्याचे एक-दोन ओळींत वर्णन लिहितो. ग्रंथालयातील तालिकाकार जे काम पुस्तकांसाठी करतो, तेच हे काम.

या कामाचा आरंभ महाजालाच्या जन्माबरोबरच झाला. महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये ‘व्हर्च्युअल लायब्ररी’ ही विषयवार सूची सुरू केली. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीच्या संकेतस्थळांची यादी केली. तीच पुढे ‘याहू’ झाली. याहूची सूची पगारी संपादक तयार करीत. संकेतस्थळांची संख्या फुगत गेली तसे त्यांना काम आवरेनासे झाले आणि नोंदीसाठी लोकांना दीर्घकाळ तिष्ठत राहावे लागू लागले. पुढे याहूने व्यावसायिक संकेतस्थळांच्या लवकर तपासणीसाठी शुल्क आकारण्यास प्रारंभ केला. ते वार्षिक २९९ डॉलरपर्यंत गेले.

याच अडचणीवर उपाय म्हणून स्क्रेंटा व ट्रुएल यांनी स्वयंसेवकांची सूची उभी केली. तिचे पहिले नाव ‘ग्नूहू’ होते. त्याला आक्षेप आल्यावर ते ‘न्यूहू’ झाले. १९९८ च्या अखेरीस नेटस्केप कंपनीने ही सूची विकत घेतली, तेव्हा तिच्यात सुमारे एक लाख संकेतस्थळे होती. वर्षभरात, ऑक्टोबर १९९९ मध्ये, हा आकडा दहा लाखांवर गेला. नोंदीचे शुल्क कधीच आकारले गेले नाही आणि सूचीतील सर्व माहिती कोणालाही विनामूल्य वापरता येत असे.

एका नोंदीचे मोल

हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. डीमॉझमधील नोंद केवळ डीमॉझपुरती राहत नसे. नेटस्केप, एओएल, लायकॉस यांसारखी स्थळे हीच माहिती उचलून आपल्या वाचकांपुढे ठेवीत. गूगलने मार्च २००० मध्ये सुरू केलेली ‘गूगल डिरेक्टरी’ हीदेखील याच माहितीवर उभी होती. ती २०११ पर्यंत चालली. इतकेच नव्हे, तर गूगलच्या शोधनिकालात संकेतस्थळाच्या नावाखाली येणाऱ्या दोन ओळी अनेकदा डीमॉझच्या संपादकाने लिहिलेल्या असत. संपादकाचे वर्णन ज्यांना नको असे, त्यांच्यासाठी २००६ मध्ये ‘नो-ओडीपी’ ही स्वतंत्र सूचना योजावी लागली, यावरून त्या दोन ओळींचे वजन ध्यानात यावे.

मराठी संकेतस्थळांसाठी या वर्णनाला आणखी एक अर्थ होता. शतकाच्या आरंभी बहुतेक मराठी संकेतस्थळे आपापल्या स्वतंत्र फाँटमध्ये असत. वाचकाला आधी तो फाँट आपल्या संगणकावर उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक सरमिसळ दिसे. शोधयंत्रालाही तीच सरमिसळ दिसे. पानावर ‘सोयाबीन’ असे लिहिलेले असले, तरी यंत्राच्या लेखी तो शब्द तेथे नव्हताच. युनिकोडचा प्रसार होईपर्यंत अशा पानांचा आशय यंत्राला उमगण्याजोगा नव्हता. तो माणूसच वाचून सांगू शकत होता. त्यामुळे संपादकाने लिहिलेल्या वीस-पंचवीस शब्दांवर त्या संकेतस्थळाची साऱ्या जगाला होणारी ओळख अवलंबून असे.

सूचीची जुनी परंपरा

माणसाने वाचून, पारखून केलेली सूची मराठी वाचकाला नवी नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि नंतर १९३८ ते १९५० या काळातील छापील मराठी ग्रंथांची ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली. ग्रंथांची विषयवार नोंद करताना त्यांनी हाच मार्ग अनुसरला होता.

वाशीम जिल्ह्याचा तर या परंपरेशी अगदी जवळचा संबंध आहे. जिल्ह्यातील कारंजा येथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या जैन परंपरांची मंदिरे व त्यांचे हस्तलिखितांचे भांडार आहेत. रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेली मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली नागपुरात प्रसिद्ध झाली. तीत कारंज्याच्या या भांडारांतील पोथ्यांचीही नोंद होती. पुढील काही वर्षांतच कारंज्याच्या ग्रंथमालेतून पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ यासारखी अपभ्रंश काव्ये संपादित होऊन अभ्यासकांच्या हाती आली. पोथ्या शतकानुशतके तेथेच होत्या. त्या तेथे आहेत हे बाहेरच्या अभ्यासकाला कळण्यासाठी सूचीतील एक ओळ आवश्यक होती.

पोथीची नोंद करणारा तालिकाकार तिचे नाव, कर्ता, विषय आणि ती कोठे आहे एवढेच सांगतो. पोथी ‘अप्रतिम’ आहे असे तो लिहीत नाही. वेब डिरेक्टरीचे सर्व नियम या एका वाक्यातून उलगडतात.

पहिला नियम : संकेतस्थळ नोंदीयोग्य आहे का?

डीमॉझच्या सूचनांत पहिली पायरी आत्मपरीक्षणाची होती. संकेतस्थळ पूर्ण झालेले असावे. ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावलेली, तुटलेले दुवे किंवा न उघडणारी चित्रे असलेली स्थळे सुचवू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्या काळी अनेक संस्था आधी पत्ता घेत आणि मजकूर सावकाश भरत. अशा पत्त्यांना सूचीत स्थान नव्हते.

दुसरी अट स्वतःच्या मजकुराची. दुसऱ्याच स्थळाची हुबेहूब प्रत असलेले, उघडताक्षणी वाचकाला भलत्याच पत्त्यावर नेणारे किंवा इतरांच्या विक्रीच्या दुव्यांनीच भरलेले स्थळ स्वीकारले जात नसे. बेकायदा मजकुराला मज्जाव होता. या अटींमागचा प्रश्न एकच होता : या स्थळावर असे काय आहे, जे वाचकाला इतरत्र मिळणार नाही? जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या शाळेने आपल्या तीस वर्षांच्या वार्षिकांकांचे लेखन महाजालावर ठेवले असेल, तर ते छोटे स्थळही स्वीकारार्ह ठरे. उलट सर्वत्र आढळणारी माहिती उतरवून काढलेले देखणे स्थळ नाकारले जाऊ शके.

दुसरा नियम : आधी शोधा, मग सुचवा

आपले स्थळ सूचीत आधीच आहे का, हे शोधून पाहणे ही पुढची पायरी. संपादक आपणहूनही स्थळे शोधून नोंदवीत असल्यामुळे मालकाला ठाऊक नसताना नोंद झालेली असणे शक्य होते. नोंद असेल, पण पत्ता किंवा वर्णन बदलले असेल, तर नवी नोंद न सुचवता दुरुस्तीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागे.

एकच स्थळ पत्त्यात किरकोळ फेरफार करून पुन्हा पुन्हा सुचवणे हा गैरप्रकार मानला जाई. असे वारंवार करणाऱ्याचे स्थळ कायमचे वगळलेही जाऊ शके.

तिसरा नियम : एकच, सर्वांत योग्य विभाग

डीमॉझची रचना झाडासारखी होती. मोठ्या विषयातून लहान विषय, त्यातून आणखी लहान अशा फांद्या फुटत जात. स्थळ सुचवताना त्यातली एकच, सर्वांत नेमकी फांदी निवडायची होती. ‘व्यापार’ या मोठ्या विभागाच्या दारात अर्ज टाकला, तर तो योग्य जागी पोहोचायला विलंब लागे. चुकीच्या विभागातला अर्ज नाकारलाही जाई.

येथे वाशीमसारख्या गावापुढे तीन वाटा होत्या. पहिली वाट प्रादेशिक. आशिया, भारत, महाराष्ट्र आणि त्यातील गावे-शहरे या क्रमाने उतरणारी. ज्या व्यवसायाचे वा संस्थेचे कार्य एका परिसरापुरते असेल, त्याची जागा ही. दुसरी वाट विषयाची. वाशीममधून चालवलेले, परंतु संपूर्ण देशातील वाचकांना उपयोगी पडणारे तूर-सोयाबीनच्या रोगांवरचे स्थळ शेतीच्या विभागात जाई. तिसरी वाट भाषेची. इंग्रजीखेरीज अन्य भाषांतील स्थळांसाठी ‘जग’ नावाचा विभाग होता आणि त्यात मराठीची शाखा होती. मराठी स्थळ इंग्रजी विभागात सुचवणे ही सर्रास होणारी चूक होती. स्थळ वाशीमचे आहे, यापेक्षा त्याचा मजकूर कोणत्या भाषेत आहे, हा प्रश्न आधी विचारला जाई.

वाशीम की वाशी?

गावाच्या नावाचा नेमका पत्ता लावणे, हे माणसाने केलेल्या सूचीचे खरे सामर्थ्य. वाशीम जिल्ह्याइतके त्याचे चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

वाशीम आणि वाशी यांत एका अक्षराचा फरक. त्यातही वाशी दोन आहेत : एक नवी मुंबईतील आणि दुसरे धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. रोमन लिपीत वाशीमचे नाव कोणी ‘डब्ल्यू’ने लिहितो, तर कोणी ‘व्ही’ने. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत ते ‘बासिम’ असे आढळते. त्या नावाचा जिल्हाही वऱ्हाडात होता. तो १९०५ मध्ये मोडून अकोल्यात विलीन करण्यात आला. येथे सापडलेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट इतिहासाच्या इंग्रजी ग्रंथांत ‘बासिम’च्या नावानेच नोंदला गेला आहे. आणखी मागे जावे, तर हे गाव वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी ‘वत्सगुल्म’ होते. एकाच गावाची इतकी नावे यंत्राला सहजासहजी जुळवता येत नसत.

तालुक्यांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा हे जिल्ह्यातील सहा तालुके. मालेगाव म्हटले की महाराष्ट्रातील बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर उभे राहते. कारंजा वर्धा जिल्ह्यात आहे आणि रायगड जिल्ह्यात उरणजवळही आहे. वाशीमचे कारंजा म्हणूनच ‘कारंजा लाड’ या नावाने ओळखले जाते. अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे प्रसिद्ध असलेले शिरपूर हे मालेगाव तालुक्यात आहे. ‘शिरपूर, तालुका मालेगाव’ एवढाच पत्ता वाचणाऱ्या परक्या माणसाने ते धुळ्याकडचे शिरपूर समजून खानदेशाची वाट धरली, तर दोष त्याचा म्हणता येणार नाही.

म्हणूनच स्थानिक नोंदीच्या वर्णनात जिल्ह्याचे नाव देणे शहाणपणाचे असे. ‘शिरपूर (जैन), जि. वाशीम’ एवढे लिहिले, की संपादकाचा आणि वाचकाचाही गोंधळ टळे. संकेतस्थळाच्या पानावर संपूर्ण टपाली पत्ता असणेही उपयोगी पडे. कारण संपादक विभाग ठरवताना आधी तोच शोधी. पत्ताच नसलेल्या स्थळाला गावाच्या विभागात बसवायचे कोणत्या आधारावर, हा त्याचा प्रश्न रास्त होता.

चौथा नियम : नाव जसे आहे तसे

अर्जात मोजक्याच गोष्टी भराव्या लागत : संकेतस्थळाचा पत्ता, त्याचे नाव, वर्णन आणि संपर्कासाठी ई-मेल. पत्ता मुख्य पानाचा द्यावा अशी अपेक्षा असे, आतल्या एखाद्या पानाचा नव्हे.

नाव म्हणजे संस्थेचे वा स्थळाचे अधिकृत नाव. त्यापुढे-मागे विशेषणे, घोषवाक्ये किंवा शोधासाठी उपयोगी वाटणारे शब्द जोडण्यास मनाई होती. सूची वर्णानुक्रमे असल्यामुळे वरचे स्थान मिळवण्यासाठी नावाच्या आधी ‘अ’ चिकटवण्याचा मोह अनेकांना होई. दुकानाच्या पाटीवर जे नाव आहे, तेच सूचीत यावे, हा साधा दंडक होता. ‘आपले स्वागत आहे’ हे स्वागतपर शब्द नावाचा भाग होत नसत.

पाचवा नियम : वर्णन, जाहिरात नव्हे

सर्वाधिक अर्ज जेथे अडखळत, ती ही पायरी. वर्णन पंचवीस ते तीस शब्दांच्या आत असावे. स्थळावर काय आहे, हे त्याने सांगावे. ‘सर्वोत्कृष्ट’, ‘एकमेव’, ‘अग्रगण्य’ अशी विशेषणे नकोत, उद्गारचिन्हे नकोत, ‘आम्ही’ आणि ‘आमचे’ नको, नावाची पुनरुक्ती नको आणि एकाच अर्थाच्या शब्दांची माळही नको.

समजा, कारंजा येथील एका बियाणे विक्रेत्याने आपले स्थळ असे सुचवले : ‘विदर्भातील सर्वांत मोठे, विश्वासार्ह आणि अग्रगण्य दालन! उत्तम बियाणे, स्वस्त बियाणे, दर्जेदार बियाणे. आजच भेट द्या!’ यातून वाचकाला एकही ठोस गोष्ट कळत नाही. दुकान कोणत्या गावी आहे, कोणत्या पिकांचे बियाणे मिळते, संकेतस्थळावर दर पाहता येतात की नाही, याचा पत्ता नाही.

नियमांत बसणारे वर्णन असे झाले असते : ‘कारंजा (जि. वाशीम) येथील बियाणे विक्रीचे दुकान. सोयाबीन, तूर व कापसाच्या वाणांची यादी, पेरणीचा कालावधी, दर आणि संपर्काचा पत्ता.’ शब्द जवळपास तितकेच लागले, परंतु शेतकऱ्याला हवे ते सर्व त्यात आले. पहिल्या वर्णनात दुकानदार स्वतःविषयी बोलतो. दुसऱ्यात तो ग्राहकाच्या प्रश्नांना उत्तरे देतो. नियमाचा रोख या फरकाकडे होता.

पाठवलेले वर्णन जसेच्या तसे छापले जाईल, असे मात्र नव्हते. संपादक ते बदलू शके आणि बहुधा बदलतच असे. मूळ मजकूर नियमांना धरून असला, की त्याचे काम हलके होई.

अर्ज केल्यानंतर

‘स्थळ जोडा’ याऐवजी ‘स्थळ सुचवा’ असा शब्दप्रयोग डीमॉझने पुढे रूढ केला. हा बदल सूचक होता. अर्ज ही विनंती होती, हक्क नव्हे. स्वीकारायचे की नाही, कोठे बसवायचे, कसे वर्णन करायचे, याचा अंतिम निर्णय संपादकाचा.

निर्णयाला किती काळ लागेल, याचे बंधन नव्हते. काही आठवडे किंवा त्याहून अधिक, असे सूचनांत म्हटले होते. प्रत्यक्षात काही विभागांत अर्जदारांना वर्षानुवर्षे उत्तर मिळाले नाही. पुन्हा पुन्हा अर्ज धाडल्याने काम लवकर होत नसे. संयम बाळगणे आणि दरम्यान स्थळ अद्ययावत ठेवणे, एवढेच अर्जदाराच्या हाती होते.

संपादक कोण असत?

कोणीही इच्छुक संपादकपदासाठी अर्ज करू शके. त्याला एक लहानसा विभाग निवडून, त्यात समाविष्ट करता येतील अशी दोन-तीन स्थळे नियमांनुसार नाव-वर्णनासह लिहून दाखवावी लागत. स्वतःशी संबंधित संकेतस्थळे कोणती, हे आधीच जाहीर करणे बंधनकारक होते. काम पाहून मोठ्या विभागांची जबाबदारी दिली जाई. स्वतःच्या स्थळाला झुकते माप देणे, स्पर्धकाचे स्थळ अडवणे किंवा नोंदीसाठी पैसे घेणे, यांपैकी काही आढळल्यास पद काढून घेतले जाई.

नोंद विनामूल्य असल्याने ती मिळवून देतो म्हणून पैसे मागणारा प्रत्येक मध्यस्थ संशयास्पद होता. शेकडो डिरेक्टऱ्यांत एकदम नोंद करून देण्याच्या जाहिराती त्या काळी महाजालावर बोकाळल्या होत्या. कोणी न पाहता, न वाचता भरलेल्या त्या यादीवजा पानांचा वाचकाला काही उपयोग नव्हता. पुढे गूगलनेही अशा हलक्या दर्जाच्या डिरेक्टऱ्यांतील दुव्यांची गणना गैरमार्गांत केली.

जमेची बाजू आणि उणीव

या व्यवस्थेची जमेची बाजू उघड आहे. नोंद पैशांवर अवलंबून नव्हती. मोठी कंपनी आणि तालुक्याच्या गावचे वाचनालय यांना एकच अर्ज, एकच रांग आणि पंचवीस शब्दांची एकच मर्यादा होती.

उणीवही तितकीच खरी आहे. स्वयंसेवकांवर उभी असलेली सूची जेथे स्वयंसेवक अधिक, तेथे समृद्ध होते. युरोपातील लहान गावांनाही तत्पर संपादक लाभले, तर भारतातील अनेक जिल्ह्यांच्या आणि भाषांच्या शाखा विरळ राहिल्या. नियम सर्वांना समान असले, तरी ते लागू करणारा माणूस सर्वत्र सारखा उपलब्ध नव्हता. एखाद्या विभागाला संपादकच नसेल, तर निर्दोष अर्जही पडून राहत असे. त्यात ऑक्टोबर २००६ मध्ये यंत्रणेत मोठा बिघाड होऊन संपादकांचे काम सुमारे दोन महिने ठप्प झाले. दरम्यान शोधयंत्रे सुधारत गेली, युनिकोडमुळे मराठी पानेही त्यांना वाचता येऊ लागली आणि वाचकाचा डिरेक्टरीकडे जाण्याचा रस्ता हळूहळू ओस पडला.

याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद झाली. डीमॉझने १७ मार्च २०१७ रोजी काम थांबवले. त्या वेळी तिच्यात सुमारे ३८ लाख ६० हजार संकेतस्थळे, दहा लाखांहून अधिक विभाग आणि ९० भाषा होत्या. सुमारे ९२ हजार संपादकांनी तिला हातभार लावला होता. तिच्या जुन्या संपादकांनी २०१८ मध्ये ‘कर्ली’ या नावाने तोच वारसा पुढे सुरू केला.

आज या नियमांचा उपयोग

डिरेक्टऱ्यांचा बहर ओसरला, तरी नोंदीची गरज संपलेली नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची एकात्मिक निर्देशिका आहे. दुकान, दवाखाना वा मंगल कार्यालयाची नोंद नकाशांवर होते. संस्था, गावे आणि व्यक्ती यांच्या नोंदी विकिपीडिया व विकिडेटा येथे स्वयंसेवकच करतात. मालकाने स्वतःची प्रशंसा करू नये, हा दंडक विकिपीडियावरही आहे. यंत्राच्या मदतीने उत्तरे देणारी नवी साधनेही अखेर कोणीतरी लिहून ठेवलेल्या अशाच नोंदींवर विसंबतात. मूळ नोंदीत मालेगावचा जिल्हा चुकला, तर ती चूक तेथून पुढे पसरत जाते.

संकेतस्थळाची वा संस्थेची नोंद कोठेही करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

● स्थळ पूर्ण झाले आहे का, सर्व दुवे उघडतात का, हे आधी तपासावे.
● आपली नोंद आधीच झालेली नाही ना, याची खात्री करावी. असल्यास दुरुस्ती सुचवावी, दुसरी नोंद करू नये.
● सर्वांत नेमका विभाग एकच निवडावा. मराठी मजकूर मराठीच्या शाखेत द्यावा.
● नाव पाटीवर आहे तसेच लिहावे आणि सर्वत्र एकाच पद्धतीने लिहावे.
● गावासोबत तालुका व जिल्हा अवश्य द्यावा. नामसाधर्म्य असलेल्या गावांनी तर विशेषत्वाने.
● वर्णन पंचवीस-तीस शब्दांत, विशेषणांविना लिहावे. वाचकाला काय मिळेल, ते सांगावे.
● विनामूल्य नोंदीसाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.
● पत्ता, दूरध्वनी किंवा वेळ बदलल्यास नोंदही बदलावी.

आणि एक गोष्ट मालकांसाठी नव्हे, तर वाचकांसाठी. डीमॉझच्या विरळ शाखांचा दोष नियमांत नव्हता. त्या भागाची माहिती असलेली माणसे सूचीच्या कामाला पुरेशी मिळाली नाहीत, हे त्याचे कारण. आपल्या तालुक्यातील शिरपूर कोणते आणि कारंजा कोणते, हे तेथील माणसाला सांगावे लागत नाही. ते त्याने एकदा नीट नोंदवून ठेवले, तर दूरवरच्या अभ्यासकाला, यात्रेकरूला किंवा गाव सोडून गेलेल्या कुटुंबाला योग्य दारापाशी पोहोचता येते. कारंज्याच्या भांडारातील पोथ्यांची नोंद कोणीतरी केली होती, म्हणूनच त्या पुढच्या पिढीच्या हाती लागल्या.